एकच ओढा, दोन दिवस

भुसावळहून एका वडिलांनी विचारलं आहे. त्यांची मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. सोबत आई, वय सहासष्ट, गुडघे दुखतात. नोकरी रेल्वेत, त्यामुळे दिवाळीनंतरचा एकच शनिवार-रविवार मोकळा मिळतोय. गेल्या वर्षी मुलांना एका किल्ल्यावर नेलं, तर धाकटा अर्ध्या वाटेत रडायला लागला, मोठी रुसली आणि उतरताना नवरा-बायकोतच वाजलं. यंदा तोरणमाळ करावं की पितळखोरा, की मुलं लहान आहेत म्हणून घरीच बसावं, असा त्यांचा प्रश्न. पत्नीचं माहेर चाळीसगावजवळच्या खेड्यात आहे, हे त्यांनी शेवटी जाता जाता लिहिलंय.

भाऊ, घरी बसायचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. चार आणि सात ही रानात न्यायची फार चांगली वयं आहेत. मी गेली २१ वर्षं चाळीसगाव-पाचोरा भागातली लहान मुलं त्यांच्या आईवडिलांसकट डोंगरात नेते, त्याआधी प्राथमिक शाळेत शिकवत होते. रडणारी पोरं मी पुष्कळ पाहिली, पण रानाला कंटाळून रडलेलं पोर मला आठवत नाही. पोरं रडतात ती उन्हानं, भुकेनं आणि ‘चल, लवकर चल, अजून किती राहिलंय बघ’ हे ऐकून ऐकून. किल्ल्यावर तुमचं चुकलं ते एवढंच की मोठ्यांचा बेत तुम्ही लहानांच्या पायांवर टाकला. चार वर्षांचं पोर थांबत, वाकत, काहीतरी उचलत तासाला जेमतेम एक किलोमीटर चालतं. दिवसाला दीड-दोन किलोमीटर ही त्याची मजेची हद्द. त्यापुढे चाललं तर ते तुमच्यासाठी चालतं, स्वतःसाठी नाही.

तोरणमाळ सुंदर आहे, वादच नाही. साधारण ११५० मीटर उंची, यशवंत तलाव, सीताखाई. पावसाळ्यानंतर तर डोळ्यांचं पारणं फिटतं. पण भुसावळपासून जायला सहा तास, यायला सहा तास, शेवटचा घाट वळणांचा. दोन दिवसांतला एक दिवस गाडीत आणि उलट्यांत जाईल. ते चार दिवसांच्या सुटीसाठी ठेवा. पितळखोऱ्याच्या लेण्यांचा काळ इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकापर्यंत मागे जातो. ती लेणी मुलांना जरूर दाखवावीत, पण मुलगी दहाची झाल्यावर. दरीत उतरावं लागतं, कातळाला आग्यामोहोळं लटकलेली असतात आणि धाकट्याला त्या शिल्पांत आत्ता काहीही दिसणार नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे. मामाच्या गावाला जा. मुक्काम तिथे करा आणि शनिवारी सकाळी चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या रानात, तिथल्या ओढ्यावर जा. रविवारी सकाळी परत पाटणादेवीलाच जा. त्याच ओढ्यावर, त्याच जागी.

हे ऐकून बहुतेक बाबा लोक नाराज होतात. ‘दोन्ही दिवस एकच? मग दुसऱ्या दिवशी नवीन काय?’ नवीन असतं ते मुलांच्या बाजूनं. पहिल्या दिवशी मूल बावरलेलं असतं. जागा परकी, आवाज परके, आईचा पदर सुटत नाही. तासाभरानं कुठे ते दगडावर बसायला लागतं, आणि रंगात येतं तोवर आपण म्हणतो, चला. दुसऱ्या दिवशी तेच पोर गाडीतून उतरल्याबरोबर पुढे पळतं, कारण आता वाट त्याला ठाऊक असते. पाचोऱ्याकडचा एक पाच वर्षांचा मुलगा शनिवारी सबंध सकाळ माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. रविवारी तो थेट एका चपट्या काळ्या दगडापाशी गेला, दगड उचलला, खाली पाहिलं आणि ओरडला, ‘ताई, कालचा खेकडा आजपण इथंच आहे!’ पुढचे दोन तास तो सगळ्यांना खेकड्याचं घर दाखवत हिंडत होता. त्या दिवसापासून माझ्या लहान मुलांच्या सगळ्या सहली एकाच जागी दोन दिवस असतात.

पाटणादेवी चाळीसगावपासून १८ किलोमीटरच्या आसपास. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याची ही खानदेशाकडची बाजू. १९८६ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचं आहे, जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. तीन बाजूंनी डोंगर, मध्ये चंडिकेचं जुनं दगडी मंदिर आणि जवळून वाहतं पाणी. डोंगरी नदी इथल्याच डोंगरांतून निघते आणि खाली चाळीसगावात तितूरला मिळते. २०२१ च्या ऑगस्ट अखेरीस एका रात्रीच्या पावसानं याच नद्यांनी चाळीसगावात हाहाकार उडवला होता, कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या. आज घोट्याएवढं दिसणारं पाणी कोणत्या तोलाचे दगड ढकलू शकतं, ते पात्रातले गुळगुळीत धोंडे पाहिल्यावर सात वर्षांच्या मुलीलाही कळतं. तिला नुसतं विचारा, हा एवढा मोठा दगड इथे कुणी आणला असेल?

शुक्रवारी ड्यूटी संपली की संध्याकाळची रेल्वे धरा. भुसावळ ते चाळीसगाव दोन तासांचा मामला. मुलांना खिडकी मिळाली की प्रवासच सहल होते, आणि आजीच्या गुडघ्यांना गाडीच्या सीटपेक्षा डब्यात बरं पडतं. शनिवारी सकाळी ओळखीची जीप सांगून ठेवा आणि साडेसहा-सातपर्यंत देवळाशी पोचा. खानदेशात दिवाळीनंतर पहाटे गारवा असला तरी अकरानंतर ऊन चटका देतंच. ऑक्टोबरच्या उकाड्यात तर दहालाच आटोपावं लागतं. तुम्ही दिवाळीनंतर जाताय हे उत्तमच. नवरात्रात तिथे यात्रा असते, पाय ठेवायला जागा नसते. नाक्यावर वन खात्याची नोंद करून, पावती घेऊन आत जायचं. साडेदहाला निघायचं म्हणजे निघायचं. मुलं ‘अजून थोडं’ म्हणत असतानाच निघावं. गेल्या वर्षी त्यांनी ‘कधी संपणार’ विचारलं, यंदा ‘उद्या परत येणार ना’ विचारतील.

केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे तुम्ही कुठेतरी पाहिले असतील. तिथवर जायचा हट्ट धरू नका. केदारकुंडाची वाट दगडगोट्यांतून आहे आणि कुंडाच्या तोंडाशी शेवाळलेला कातळ आहे. तिथे मोठी माणसं घसरताना मी पाहिली आहेत. वाटेवर जिथे पाणी पसरट वाहतंय, तळ दिसतोय आणि वर झाडाची सावली आहे, तिथेच पथारी टाका.

पाण्याबाबत माझा एकच नियम आहे आणि तो मी कुणासाठी मोडत नाही. मुलाच्या स्वतःच्या गुडघ्यापर्यंतच पाणी. तुमच्या गुडघ्यापर्यंत नाही. आणि एक मोठं माणूस कायम मुलाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी ज्या दिशेला वाहतंय त्या बाजूला, उभं राहील. त्या माणसाच्या हातात फोन नसेल. बुडणारं लहान मूल सिनेमात दाखवतात तसं हात हलवत ओरडत नाही, ते गुपचूप खाली जातं. तीन फुटांवर गप्पा मारणाऱ्या आईवडिलांना पत्ता लागत नाही. म्हणून पाळी लावा. वीस मिनिटं तुम्ही, वीस मिनिटं मुलांची आई, आणि पाळी बदलताना तोंडानं म्हणायचं, ‘आता तू बघ.’ न बोलता पाळी बदलली की दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय. परतीचा पाऊस कधीकधी दिवाळीपर्यंत रेंगाळतो. डोंगरमाथ्यावर काळं आलं, पाणी गढूळ व्हायला लागलं किंवा पाला-काड्या वाहून यायला लागल्या, की सामान तिथेच टाकून मुलांना उचलून काठावर वर चढायचं. चपला राहू द्या.

आता मुलांनी तिथे करायचं काय? तुम्ही काहीच ठरवू नका, एवढंच सांगेन. फक्त दोन गोष्टी हाताशी असू द्या.

पहिली गोष्ट कुसळाची. या दिवसांत डोंगरउतारावरचं कुसळी गवत पिवळं पडलेलं असतं आणि त्याची कुसळं पायमोज्यांत घुसतात. मुलं कुरकुर करतील. त्यातलंच एक कुसळ अलगद ओढून काढा. पुढे टोकदार बी, मागे पीळ दिलेली काळपट शेपटी. मुलीच्या तळहातावर ठेवा आणि बाटलीतलं दोन थेंब पाणी त्यावर सोडा. मग काही सांगू नका, नुसतं बघू द्या. ओलं झालं की त्या शेपटीचा पीळ उलगडायला लागतो आणि कुसळ आपोआप गिरक्या घेतं, जिवंत असल्यासारखं. वाळलं की परत पीळ भरतो. रात्रीच्या दवानं ओलं, दिवसाच्या उन्हानं कोरडं असं फिरत फिरत ते बी जमिनीत स्क्रूसारखं शिरतं. पेरणारा कुणी नाही, बी स्वतःला पेरतं. मी हे शेकडो मुलांच्या तळहातांवर पाहिलंय, तरी कुसळ फिरायला लागलं की अजून माझा श्वास थांबतो. धाकट्याला कारण कळणार नाही, पण तो घरी जाऊन आजूबाजूच्या सगळ्या पोरांना बोलावून दाखवेल. दोन-चार कुसळं मोज्यातून घरी येतीलच, ती जपून ठेवा.

दुसरी गोष्ट आजीची. तिला ओढ्यापर्यंत चालवू नका. देवळाच्या आवारात सावलीला बसवा आणि तिच्याकडे एक काम द्या. चांगली मोठी, न फाटलेली पळसाची पानं मुलांना झाडाखालून वेचून आणायला सांगा. ‘पळसाला पानं तीनच’ हे खरं की खोटं, ते मोठीनं झाडापाशी जाऊन मोजून यायचं. देठाला तीन पानं, तर सात देठांना किती? हे गणित विचारावं असंच ते ठिकाण आहे. गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याला निकुंभ राजांनी दान दिलं, हे इथल्याच पाटण गावच्या शके ११२८ च्या शिलालेखात कोरलेलं आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या डोंगरात मुलं गणित शिकायला येत होती. आजी मग पानाला पान जोडून, काडीनं टोचून पत्रावळ लावेल. काडी आत घालताना पानाची शीर कशी चुकवायची, हे तिच्या बोटांना ठाऊक असतं. तुम्हाआम्हाला ते जमत नाही. मुलगी शेजारी बसून चार पानं फाडेल, पाचवं जमेल. त्याच पत्रावळीवर सगळ्यांनी न्याहारी करायची. माझ्या सहलींत आज्या येतात तेव्हा मुलं सगळ्यात जास्त वेळ त्यांच्यापाशी असतात. गुडघे दुखतात म्हणून तिला घरी ठेवू नका.

न्याहारीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि केळी. भुसावळकरांना केळी काय सांगायची! मुलांसाठी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी लोण्याबरोबर न्या, मोठ्यांना ठेचा. पाकिटातला खाऊ नको. एक तर तहान वाढते, दुसरं म्हणजे पिशवीचा चुरचुर आवाज ऐकून वानरं खाली उतरतात. वानर जवळ आलं तर खाणं हातातून सोडून द्यायचं, ओढाताण करायची नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. पाच जणांना सकाळपुरतं पाच-सहा लिटर पाणी घरचं न्या. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी मुलांना पाजू नका. क्षारसंजीवनीची (ओआरएस) दोन पाकिटं खिशात ठेवा.

कपडे जुने, पूर्ण बाह्यांचे, पायघोळ. रंग भडक असू द्या, लाल, केशरी, पिवळा. हिरवा-खाकी नको, झुडपाआड पोर दिसत नाही. बूट वापरातले. नव्या बुटांनी पहिल्याच तासाला फोड येतो आणि सहल तिथेच संपते. प्रत्येक मुलाच्या गळ्यात एक शिट्टी. हरवलं तर शोधत फिरायचं नाही. आहे तिथेच जवळच्या झाडाला टेकून बसायचं आणि थांबून थांबून तीनदा शिट्टी वाजवायची. हे शुक्रवारी रात्री मामाच्या अंगणात खेळ म्हणून चार वेळा करून घ्या. घरात सांगितलेलं पोर रानात विसरतं, खेळलेलं विसरत नाही. सोबत खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेला कागद.

रविवारी मोठीला थोडं जास्त द्या. जवळच्या कन्हेरगड किल्ल्याच्या उतारावर नागार्जुन कोठी आणि सीतेची न्हाणी ही कोरीव लेणी आहेत. वाट मुरमाची, घसरडी आहे, म्हणून धाकटा नको. तो आईबरोबर ओढ्यावर. मुलगी आणि तुम्ही दोघंच, सोबत गावातला वाट माहीत असलेला माणूस घेऊन, जमेल तेवढं वर जा. लेण्यापर्यंत पोचलात तर छान, नाही पोचलात तरी काही बिघडत नाही. परत कुठून फिरायचं ते तिनं ठरवायचं, हे तिला चढायच्या आधीच सांगा. गेल्या वर्षी किल्ल्यावर तिला सगळ्यांच्या मागून फरपटत यावं लागलं होतं. यंदा बाबा तिच्या मागून चालतायत, हे तिच्या फार दिवस लक्षात राहील. उतरताना मात्र तुम्ही खाली, ती वर, आणि मुरमावर बसून घसरत आली तरी चालेल. चड्डी फाटते, हात मोडत नाही.

मधमाश्यांचं नीट ऐका. इथल्या कड्यांना आग्यामोहोळं असतात. अत्तर, डिओ, सुगंधी तेल लावून जाऊ नका. अगरबत्ती, धूर, फटाके, मोठ्यानं गाणी काहीही नको. दिवाळीतल्या उरलेल्या टिकल्या मुलाच्या खिशात राहिलेल्या असतात, त्या आधीच काढून घ्या. माश्या उठल्याच तर मुलाचं तोंड ओढणीनं झाकून उचलायचं आणि पळायचं, गाडीपर्यंत. हात झटकत उभं राहायचं नाही.

खाजकुयलीबद्दल मला माझी चूक सांगायची आहे. ही वेल पावसाळ्यानंतर शेंगांवर येते. शेंगा वाकड्या, सोनेरी-तपकिरी, मखमलीसारख्या, मुलांना हात लावावासाच वाटतो. एका सहलीत मी नेहमीची वाट सोडून मुलांना एका झुडपातून नेलं, आधी स्वतः पाहिलं नाही, आणि एका सहा वर्षांच्या मुलीनं ती शेंग ओढली. हात, मान, गाल सगळं पेटल्यासारखं झालं. तिची आई घाबरून ओल्या फडक्यानं चोळायला लागली आणि खाज आणखी पसरली. त्या पोरीचं ते किंचाळणं मी विसरलेले नाही. तेव्हापासून पुढे मी स्वतः चालते, मागून मुलं, आणि माझ्या पिशवीत चिकटपट्टी असतेच. चोळायचं नाही. पट्टी त्वचेवर हलकी दाबून उचलायची, परत नवी पट्टी, म्हणजे कुसं निघून येतात. पट्टी नसेल तर मळलेल्या कणकेचा गोळा फिरवायचा. मग साबणानं धुवायचं, कपडे बदलून वेगळ्या पिशवीत बांधायचे. डोळ्यात गेलं तर भरपूर पाणी मारत थेट डॉक्टरकडे. तुम्ही मुलांना ती वेल दुरून दाखवाच. ओळख झालेली बरी.

सापाची भीती सगळ्यांना वाटते, पण उघड्यावर काठी आपटत चाललं तर तो आपला बाजूला होतो. दगडाच्या फटीत हात घालायचा नाही. खेकड्यासाठी दगड उलटायचा तो मोठ्यानं, आणि त्याची पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे खाली काही असलं तर त्याला पलीकडे पळायला वाट राहते. चावलाच तर पैंजण-बांगड्या काढायच्या, तो हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. १०८ ला फोन आणि चाळीसगावच्या सरकारी दवाखान्याकडे. तिथे सापाची लस आहे ना, एवढं मामांना शुक्रवारीच विचारून ठेवायला सांगा. बिबट्या या जंगलात आहे. दिवसा, बोलत, एकत्र चालणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला तो जात नाही. संध्याकाळी मात्र तिथे थांबू नका. दिवाळीनंतर पावणेसहालाच सूर्य मावळतो आणि दरीत त्याआधीच अंधारतं.

मला खरी काळजी जंगलापेक्षा मामाच्या मळ्याची वाटते, आणि ही गोष्ट पालक सगळ्यात कमी मनावर घेतात. जंगलात आपण सावध असतो. शेत म्हणजे घरचं, म्हणून मुलं सुटी असतात. आपल्याकडे कितीतरी विहिरींना अजून कठडा नाही, काठावर गवत माजलेलं असतं, विहीर कुठे सुरू होते तेच दिसत नाही. त्याहून वाईट शेततळं. आत अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही, पाय सटकतच राहतो. कुंपण असलं तरी फाटक उघडं असतं. मळ्यात पाय ठेवल्याबरोबर मामांबरोबर एक चक्कर मारा. विहीर कुठे, शेततळं कुठे, मोटारीची उघडी वायर कुठे, डुकरांसाठी लावलेली झटक्याची तार कुठे. मुलांनाही हात धरून सगळं दाखवा आणि खेळायची हद्द ठरवून द्या. शेततळ्यापाशी एक लांब दोर खांबाला बांधून आत सोडलेला असावा. नसेल तर त्याच दिवशी बांधायला लावा. मामा म्हणतील, ‘काही होत नही हो दाजी.’ तरी बांधायला लावा.

हे झालं की मग मळ्यासारखी मौज नाही. शनिवारी दुपारी मुलांना झोपू द्या आणि चारनंतर कपाशीत न्या. या दिवसांत वेचणी सुरू असते. आठ-दहा दिवसांत फवारणी झालेली नाही ना, हे आधी विचारा. झाली असेल तर त्या वावरात जायचं नाही. नसेल तर मुलांच्या कमरेला ओढणीची ओटी बांधा. बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्या टोचतात, कापूस अलगद, पाचही बोटांनी उपसून घ्यावा लागतो. सात वर्षांच्या मुलीला ते पाच मिनिटांत जमतं. धाकटा ओटीतला कापूस गालाला लावून बसेल, त्याला बसू द्या. शेवटी दोघांचा कापूस तराजूवर ठेवून मामांनी खरंखुरं वजन सांगायचं, आणि गावात वेचणीचा जो दर चालू असेल त्यानं जे काही पैसे होतील ते हातावर ठेवायचे. दोन-तीन रुपये का असेनात. आपण अंगावर घातलेला सदरा कुठून येतो आणि वेचणारी बाई दिवसभर वाकून काय करते, हे त्या नाण्यांतून कळतं.

रात्री भरीत. भरताची वांगी आणि पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, गोळा करायचं काम मुलांकडे, पेटवायचं मोठ्यांकडे. गेल्या हंगामातल्या वाळलेल्या पऱ्हाट्या आडोशाला रचलेल्या असतातच. वांगं काळं पडून फुसफुसायला लागलं, देठापाशी मऊ झालं, की काढायचं. सोलताना बोटं भाजतात, ते आजीचं काम. मग लाकडी बडजीत मिरची-लसणाबरोबर ठेचायला धाकट्याला बसवा, मुलांचा वाटा मिरची घालण्याआधी बाजूला काढून. जेवून झालं की दिवा मालवा आणि दहा मिनिटं सगळ्यांनी खाटेवर उताणं पडा. आठच्या सुमारास पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो. त्यात चांदण्या किती दिसतात हे प्रत्येकानं वेगळं मोजायचं, आधी सांगायचं नाही. लहानांना बहुतेक वेळा मोठ्यांपेक्षा जास्त दिसतात. लांबून कोल्हेकुई आली तर धाकटा तुमच्या कुशीत शिरेल.

रविवारी दुपारच्या रेल्वेनं परत या, संध्याकाळची धरू नका. सोमवारी शाळा आहे, आणि दमलेल्या पोरानं फलाटावर केलेला गोंधळ हीच सहलीची शेवटची आठवण होते. निघताना मुलांच्या खिशातले दगड ओढ्यातच परत ठेवायला लावा. अभयारण्यातलं काही मुद्दाम घरी आणायचं नसतं, आणि ‘पुढच्या वर्षी इथेच सापडेल’ म्हटलं की ते स्वतःच जागा नीट बघून ठेवतात.

घरी आलात की दोघांना साबणानं स्वच्छ आंघोळ घाला, रानातले कपडे गरम पाण्यात टाका आणि काख, जांघ, कानामागे, केसांत नीट पाहा, गोचीड दिसते का. काळी खपली दिसते का, ते पुढचे काही दिवसही पाहत राहा. पावसाळ्यानंतरच्या गवतात बारीक किडे असतात, त्यांच्या चावण्यानं स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. तो लगेच येत नाही, एक ते तीन आठवड्यांनी येतो, आणि तोवर सहल विसरलेली असते. तेवढ्या दिवसांत कुणालाही, आजीलाही, जोराचा ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही अमुक तारखेला रानात गेलो होतो. वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. ती तारीख आजच घरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवा.